मार्चचा वारा, रेड फ्लॅग आणि रँचवरची होळी : टेक्सासमधल्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. एक कुटुंब गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून टेक्सासमध्ये अमॅरिलोला राहायला आलं. घर गावाच्या कडेला, मागच्या कुंपणापलीकडे मोकळा गवताळ माळ. फेब्रुवारी संपत आला तसे फोनवर 'रेड फ्लॅग वॉर्निंग'चे, म्हणजे आगीचा धोका सांगणारे, इशारे यायला लागले. इकडे मराठी मंडळींनी एका परिचितांच्या रँचवर होळी पेटवायचा बेत केलाय. सासरे पाटण तालुक्यातले, सध्या इथेच आहेत. ते म्हणतात, "वणव्याला काय भ्यायचं, आम्ही हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवलेत." तर त्या घरातल्या ताईंनी विचारलंय : हा इशारा किती मनावर घ्यायचा, होळी करायची का, आणि मागचा माळ पेटलाच तर काय करायचं?

मी ओक्लाहोमा-कॅन्ससच्या सीमेवर रँचवाल्यांसोबत कुरणांचं काम करते. कुरण केव्हा आणि कसं जाळायचं हे ठरवणं हा त्या कामातला मोठा भाग. नको तेव्हा पेटलेलं आवरायलाही मग जावंच लागतं.

होळीचं आधी सांगते. रँचवर पेटवू नका. तुमच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, 'बर्न बॅन' (उघड्यावर जाळायची बंदी) आहे का हे काउंटीच्या संकेतस्थळावर कळेल. असेल तर विषयच मिटला, टेक्सासमध्ये तो मोडणं हा दंडनीय गुन्हा आहे. पण बॅन नसला तरी माझं उत्तर बदलत नाही. लोक बघतात होळीच्या संध्याकाळचा वारा. बघायला हवा पुढच्या तीन-चार दिवसांचा. २०२५ साली होळी १३ मार्चला आली होती. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्चला, ओक्लाहोमात ताशी ७०-८० मैलांचे झोत सुटले. त्या एका दिवसात राज्यात १३०हून जास्त आगी लागल्या, चारशेच्या वर घरं गेली, माणसं दगावली. गव्हर्नर केव्हिन स्टिट यांच्या रँचवरचं घरही त्यातच जळालं. आदल्या रात्रीची होळी कुठे नीट विझली नसती, तर तिच्यातला विस्तव थेट या वाऱ्यात सापडला असता.

त्यात आपली होळी गोवऱ्यांची. गोवरीत विस्तव किती काळ टिकतो हे ज्यांच्या घरी चूल होती त्यांना सांगायला नको. इथल्या कुरणांत गुरांच्या शेणाच्या रानगोवऱ्या सगळीकडे पडलेल्या असतात, आणि आमच्या कामात आम्हाला ज्वाळांपेक्षा त्यांचीच धास्ती जास्त. कुरण जाळून दोन-तीन दिवस उलटलेले असतात, सगळं काळं आणि थंड दिसतं. मग वारा सुटतो, एखादी रानगोवरी आतून लाल होते, आणि तिचा कपचा उडून काळ्या पट्ट्याच्या पलीकडे वाळल्या गवतात जाऊन पडतो. म्हणून जाळ झाल्यावर आम्ही कडेकडेने चालत जातो. हातमोजा काढायचा, हाताची पालथी बाजू गोवरीच्या वर धरायची. ऊब लागली की फावड्याने फोडायची, पाणी मारायचं, ढवळायचं, पुन्हा हात धरून बघायचा. कंटाळवाणं काम आहे. होळीनंतर दुसऱ्या दिवशी रँचवर जाऊन हे करायची कुणाची तयारी असते का, तुम्हीच सांगा.

तिथी पाळायचीच असेल तर गावात, सिमेंटच्या मोकळ्या आवारात, झाकण असलेल्या लोखंडी अग्निपात्रात चार लाकडं पेटवा. तेही अग्निशमन दलाला विचारून आणि वारा नसेल त्या दिवशी. राख पाण्यात कालवून, झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत ठेवायची, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात नाही. पुरणपोळीला कसलाही बॅन नाही.

आता मार्चच का? आपल्याकडे वणवे फेब्रुवारीपासून पावसापर्यंत लागतात, त्यामुळे उन्हाळा आणि आग ही जोडी आपल्या डोक्यात पक्की असते. इथे उन्हाळ्यात माळ हिरवा असतो. लिटल ब्लूस्टेम, ब्लू ग्रामा, बफेलो ग्रास ही इथली गवतं ऊन तापल्यावर वाढतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कडक थंडीने मरगळतात आणि एप्रिल-मेमध्ये नवी पात येईपर्यंत वाळून उभी राहतात. म्हणजे मार्चमध्ये तुमच्या कुंपणामागे जे आहे ते चार-पाच महिने वाळत उभं असलेलं गवत आहे, आणि वर्षातला सगळ्यात जोराचा वारा नेमका मार्च-एप्रिलमध्ये वाहतो. वारा आणि वाळकं गवत एकाच वेळी हजर असण्याचा हा काळ आहे.

त्यातही चांगल्या पावसानंतरचा मार्च वाईट. हे नव्या माणसाला उलटं वाटतं. २०२३च्या मे-जूनमध्ये अमॅरिलोच्या आसपास धो-धो पाऊस झाला, माळ कधी नव्हे तो कमरेएवढा वाढला, सगळे खूश. तेच गवत २०२४च्या फेब्रुवारीत पेटलं. दुष्काळी वर्षात जळायला मुळात गवतच कमी असतं.

"कालच तर पाऊस झाला" हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. गवताची काडी ही पाव इंचाहून बारीक. एवढं बारीक सरपण भोवतालच्या हवेइतकं कोरडं व्हायला साधारण तासभर घेतं. जाड ओंडक्याला आठवडे लागतात, म्हणून डोंगरातल्या जंगलाला पाऊस वाचवतो. माळाला काल रात्रीचा पाऊस आज दुपारी तीनपर्यंतसुद्धा वाचवत नाही. खात्री करून घ्यायची तर सोपं आहे. सकाळी आठला कुंपणाजवळच्या गवताची एक काडी वाकवा, ती वाकेल. दुपारी तीनला तीच वाकवा, पापडासारखी मोडेल. ही काडी मोडायला लागली की आम्ही सगळी कामं थांबवतो. यंत्रावरचा आकडा नंतर बघतो.

हे एका दिवसात घडतं कसं? सकाळी तापमान २ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के आहे असं धरा. दुपारपर्यंत हवेत बाष्प तेवढंच राहिलं आणि तापमान २७ अंशांवर गेलं, तर आर्द्रता ८ टक्क्यांवर येते. बाष्प कुठे गेलं नाही, फक्त तापलेल्या हवेला तेवढं बाष्प काहीच नाही. पॅनहँडलमध्ये, म्हणजे अमॅरिलो आहे त्या टेक्सासच्या उत्तर टोकात, एकाच दिवसात एवढा चढ-उतार होणं काही विशेष नाही. आठ टक्के आर्द्रतेत मेलेल्या गवतात पाणी उरतं तीन-चार टक्के. तेव्हा एक ठिणगी पुरते.

आणि ठिणग्या कुठून येतात? वसंताच्या सुरुवातीला वीज पडून लागणाऱ्या आगी इथे थोड्या. ट्रेलरची लोंबणारी साखळी रस्त्यावर घासते, कुणी कुंपणाचं वेल्डिंग करत असतं, कचरा जाळण्याचं पिंप धुमसत असतं, गवतावर गाडी उभी केली तर तिचा तापलेला सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खाली असतो. आणि विजेच्या तारा. ज्या दिवशी तारा एकमेकींवर आपटतात किंवा खांब मोडतो, तो नेमका आग सर्वांत वेगाने पळण्याचाच दिवस असतो.

'रेड फ्लॅग वॉर्निंग' म्हणजे आग लागली आहे असं नव्हे. आज लागली तर ती हाताबाहेर जाईल, एवढाच त्याचा अर्थ. हा इशारा राष्ट्रीय हवामान सेवेचं स्थानिक कार्यालय देतं, तुमच्यासाठी अमॅरिलोचं. निकष प्रदेशागणिक थोडे बदलतात, पण दक्षिण मैदानांत मोठ्या मानाने आर्द्रता १५-२० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी २० मैलांच्या वर असं ते जुळतं. त्याआधी, एक ते तीन दिवस, 'फायर वेदर वॉच' येतो. शिवाय ओक्लाहोमातल्या नॉर्मनहून स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर सगळ्या देशाचा नकाशा काढतं, त्यात तीन पायऱ्या असतात : एलिव्हेटेड, क्रिटिकल आणि एक्स्ट्रीमली क्रिटिकल. पहिली पायरी इथे वसंतात इतक्यांदा येते की लोक तिच्याकडे बघतही नाहीत. तिसरी दिसली तर त्या दिवशी माझ्या घरी गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलेलं असतं.

पण या इशाऱ्याच्या मजकुरात एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. मला सगळ्यात जास्त तीच महत्त्वाची वाटते : वारा कधी आणि कुठे फिरणार आहे.

त्यासाठी ही वादळं कशी येतात ते थोडं समजून घ्यायला हवं. पश्चिमेकडून येणारा हवेचा एखादा जोरकस पट्टा रॉकी पर्वत ओलांडतो आणि कोलोरॅडोच्या पूर्वेला कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. त्याच्या दक्षिणेला, म्हणजे टेक्सास पॅनहँडल आणि पश्चिम ओक्लाहोमावर, नैर्ऋत्येकडून वारा ओढला जातो. हा वारा न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोच्या पठारांवरचा, कोरडा. ॲल्बुकर्की सुमारे १,६०० मीटरवर, अमॅरिलो ११०० मीटरवर. उतरताना कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते आणि आणखी कोरडी पडते. पूर्वेला मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा असते. या दोन हवांमधल्या सीमेला 'ड्रायलाइन' म्हणतात. तिच्या पूर्वेला गारा आणि टोर्नेडो, पश्चिमेला धूळ आणि आग, एकाच दुपारी, एकाच वादळातून. सकाळी नऊला बाहेर पान हलत नसतं, म्हणून लोक फसतात. अकराच्या पुढे जमीन तापते, हवेचे लोट वर चढतात आणि दोन-तीन किलोमीटर उंचीवर वाहणारा वारा खाली जमिनीवर उतरतो. तासाभरात कचऱ्याचे डबे रस्त्यावर लोळायला लागतात.

या वाऱ्यात लागलेली आग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे एका अरुंद पट्ट्यात पळते. तोंड कदाचित दोन-तीन किलोमीटर रुंद, पण मागे राहिलेल्या दोन्ही बाजू तीस-तीस किलोमीटर लांब. या बाजू वाऱ्याला समांतर असतात, सावकाश जळतात, त्यांच्याजवळ जाता येतं. मग त्या कमी दाबाच्या पाठोपाठ शीत आघाडी, म्हणजे चाल करून येणाऱ्या थंड हवेची कड, येते. वारा आधी पश्चिमेचा, मग वायव्येचा, मग उत्तरेचा होतो, तोही काही मिनिटांत. त्या क्षणी आग्नेयेकडची ती तीस किलोमीटर लांब, सावकाश जळणारी बाजूच आगीचं तोंड होते.

२०२४च्या स्मोकहाउस क्रीक आगीत नेमकं हेच झालं. २६ फेब्रुवारीला दुपारी हचिन्सन काउंटीत स्टिनेटजवळ ती सुरू झाली. कुजलेला विजेचा खांब मोडून तारा गवतावर आल्या. आपल्या यंत्रणेचा यात भाग दिसतो, हे वीज कंपनीनेही मान्य केलं. आग पूर्वेला पळत कॅनेडियन गावाच्या आसपासची घरं घेत ओक्लाहोमाच्या हद्दीत शिरली. २७ तारखेला आघाडी आली, वारा उत्तरेचा झाला, आणि सगळी दक्षिणेकडची कड एकदम दक्षिणेला चालून निघाली. २९ फेब्रुवारीला त्याच जमिनीवर बर्फ पडला. एवढ्या तीन-चार दिवसांत जळालेलं क्षेत्र दहा लाख एकरांच्या वर गेलं होतं. अंतिम मोजणी १० लाख ५८ हजार एकरांची, बृहन्मुंबईच्या सुमारे सातपट. टेक्सासच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी आग. दोन माणसं गेली, सात हजारांवर गुरं गेली असावीत असा अंदाज होता. त्याआधी तिथेच, १२ मार्च २००६ला अमॅरिलोच्या पूर्वेला पेटलेल्या आगींत नऊ लाखांवर एकर आणि बारा माणसं गेली होती. ६ मार्च २०१७ला ओक्लाहोमातून निघालेली स्टारबक आग कॅन्ससमधल्या क्लार्क काउंटीत घुसली. तारखा बघा, सगळ्या फेब्रुवारीअखेर ते मार्च.

म्हणून तुमच्यासारख्या घरासाठी माझा पहिला सल्ला पाण्याच्या पाइपाबद्दल नाही, दिशेबद्दल आहे. आग आधी ईशान्येला पळते, आघाडी आल्यावर आग्नेयेला. म्हणजे आगीच्या पूर्वेकडची बाजू दोन्ही वेळा वाईट. दुपारी दोनला धूर तुमच्या उत्तरेकडून पूर्वेला सरकताना दिसतो, घरात सगळे निर्धास्त होतात, "आपल्याकडे नाही येत." संध्याकाळी सहाला आघाडी येणार असेल तर तीच आग तुमच्याकडे तोंड वळवणार आहे. धूर कुठे चाललाय हे बघून निर्णय घेऊ नका. वारा फिरल्यावर तो कुठे जाईल हे बघा. इशाऱ्यातली ती ओळ यासाठीच असते. काउंटीने ठरवून दिलेला रस्ता असेल तर तोच घ्या. नसेल आणि निवड तुमच्याच हातात असेल, तर आगीच्या पुढे पूर्वेला धावण्यापेक्षा तिच्या पश्चिमेला जाणारा रस्ता बरा.

आता सासऱ्यांचं. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो सह्याद्रीचा आहे. तिकडचा वणवा बहुतेक वेळा उतारावर चढतो, सड्यावर गवत आखूड असेल तिथे मंदावतो, आणि माणसं त्याला झोडपतात ती बाजूने किंवा मागून, बहुधा संध्याकाळी वारा पडल्यावर. इथे संध्याकाळी वारा पडेलच असं नाही. गवताच्या आगीचा वेग वाऱ्याच्या साधारण एक पंचमांश असतो असा एक ठोकताळा आहे. वारा ताशी ४० मैल असेल तर आग ताशी ८ मैल, म्हणजे जवळजवळ १३ किलोमीटर. धडधाकट माणूस या वेगाने धुरात, कुंपणं ओलांडत, किती अंतर पळेल? इथली अग्निशमन दलं बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकांचीच आहेत : दिवसा शेती करणारे, दुकान चालवणारे, शाळेत शिकवणारे लोक. पिकअपवर पाण्याची टाकी बसवलेला ब्रश ट्रक घेऊन ते निघतात. तेसुद्धा आगीच्या तोंडासमोर जात नाहीत. जळून गेलेल्या काळ्या भागात शिरायचं आणि शेपटापासून बाजू विझवत पुढे सरकायचं. सोबत काउंटीचा रस्ता सपाट करणारा ग्रेडर आणि शेतकऱ्यांचे डिस्क लावलेले ट्रॅक्टर माती उघडी करत जातात. ज्या दिवशी आग सर्वांत वाईट असते त्या दिवशी वाऱ्यामुळे विमानंही उडू शकत नाहीत, त्यामुळे आकाशातून कुणी पाणी टाकेल ही आशा नको.

पण सासऱ्यांना एक गोष्ट नक्की सांगा. त्यांच्याकडे वन खातं उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढतं, तेच काम इथे त्यांच्या हाताखाली होऊ शकतं. कुंपणाच्या आतलं गवत बुडापासून कापा, काडीकचरा उचला. फक्त सकाळी, दव असताना, आणि इशारा नसलेल्या दिवशी. मोवरचं पातं दगडावर आपटून उडालेल्या ठिणगीनेही आग लागते.

घराच्या बाबतीत लोकांना वाटतं, ज्वाळांची भिंत येऊन घर पेटवते. शहराच्या कडेची घरं बहुतेकदा उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, आग दूर असतानाच. निखारा अडकतो तिथे बघा : पन्हाळीत साचलेली पानं, पोटमाळ्याच्या झडपा, दारातलं काथ्याचं पायपुसणं, भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडं, झाडांच्या बुंध्याशी पसरलेला लाकडाचा भुसा. घराला लागून पहिले पाच फूट खडी किंवा फरशी असावी, जळण्याजोगं काहीच नको. झडपांना बारीक धातूची जाळी लावा. तुमचं मागचं कुंपण लाकडी आहे आणि ते थेट घराच्या भिंतीला येऊन मिळतं, असं तुम्ही लिहिलंय. मी तुमच्या जागी असते तर या शनिवारी भिंतीजवळची शेवटची फळी काढून तिथे लोखंडी फाटक बसवलं असतं. माळावर वाऱ्याने लोळत येणारी ती गोल काटेरी झुडपं, टम्बलवीड, कुंपणाला येऊन थप्पी लावतात. तीही उचला, हातमोजे घालून.

निघायची वेळ आली तर काय, हे घरात आधी बोलून ठेवा. काउंटीचे सूचनासंदेश फोनवर हवे असतील तर बऱ्याच ठिकाणी नाव नोंदवावं लागतं, आपोआप येत नाहीत. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, सासऱ्यांची औषधं आणि चष्मा एका पिशवीत. आणखी एक, जे माझ्या शेजारणीला ऐनवेळी सुचलं नव्हतं : अशा दिवशी काही वीज कंपन्या खबरदारी म्हणून स्वतःच पुरवठा बंद करतात, मग गॅरेजचं दार बटणाने उघडत नाही. वर रुळावरून एक लाल दोरी लोंबत असते, ती ओढली की दार हाताने उचलता येतं. आजच एकदा ओढून बघा, घरातल्या प्रत्येकाने. आणि "निघा" असा निरोप यायची वाट बघायची नाही. वृद्ध माणूस घरात आहे, धूर जवळ आहे, एवढं पुरेसं आहे.

रँचवाल्या मित्राला सांगायचं ते वेगळं. गुरं बाहेर काढायला वेळ नसेल तर कुंपण कापावं, फाटकं उघडावीत आणि निघावं. मार्च २०१७मध्ये पॅनहँडलच्या ग्रे काउंटीत गुरं वाचवायला गेलेले तीन तरुण परतले नाहीत. वेळ असेल तर गुरांसाठी उत्तम जागा म्हणजे हिवाळी गव्हाचं शेत. मार्चमध्ये सगळा माळ पिवळा असतो आणि गहू तेवढा हिरवागार, आखूड, ओला. आग त्याच्या कडेपर्यंत येते आणि अडते. ते नसेल तर नुकतीच नांगरलेली जमीन. काही जाणते रँचवाले तर गव्हाच्या पट्ट्यांची जागाच असा विचार करून ठरवतात, घराच्या नैर्ऋत्येला. याउलट सगळ्यात धोक्याची जमीन म्हणजे सीआरपीची. १९८५च्या सरकारी योजनेखाली धूप थांबवायला शेती सोडून गवत लावलेल्या या जमिनी वर्षानुवर्षं चरल्या जात नाहीत, आणि तिथे गवत छातीपर्यंत दाट साचतं.

"मग हे लोक स्वतःच कुरणं का जाळतात?" हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण एप्रिलमध्ये कॅन्ससवरून गाडीने जाल तर विचारालच. फ्लिंट हिल्स भागात दर वसंतात लाखो एकर ठरवून जाळलं जातं. युरोपीय लोक येण्याआधी ओसेज, कॉ यांसारख्या जमाती हेच करत. जाळलं की जुनं गवत जातं, नवी पात लवकर आणि सकस येते, गुरांचं वजन चांगलं वाढतं. आणि ईस्टर्न रेड सीडर हे सदाहरित झाड आटोक्यात राहतं. आग बंद झालेल्या भागांत हे झाड ओक्लाहोमापासून नेब्रास्कापर्यंत माळ गिळत चाललंय, आणि वणव्यात ते पेटलं की दारूकामासारखे निखारे उधळतं. लहानपणीच, गुडघ्याएवढं असताना, ते साध्या गवताच्या आगीत मरतं. उंच झाल्यावर मग करवतच लागते.

ठरवून जाळतानाचा दिवस मात्र रेड फ्लॅगच्या अगदी उलटा निवडलेला असतो. वारा ताशी ५ ते १५ मैल आणि दिशा पक्की, आर्द्रता चाळीसच्या पुढे, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत आघाडी नाही. वारा नैर्ऋत्येचा असेल तर आम्ही सुरुवात करतो ईशान्य कोपऱ्यातून. डिझेल आणि पेट्रोलच्या मिश्रणाने भरलेला ड्रिप टॉर्च घेऊन एक माणूस चालत जातो, तोटीतून जळते थेंब गवतावर पडत जातात, मागे पाण्याचा ट्रक. ही आग वाऱ्याविरुद्ध, गुडघ्याएवढ्या ज्वाळांनी, मुंगीच्या पावलांनी सरकते. तासाभरात शंभर फूट रुंद काळा पट्टा तयार होतो. मग दोन्ही बाजू. सगळ्यात शेवटी वाऱ्याकडची कड पेटवायची. तोंडाची आग सुसाट निघते, आणि काळ्या पट्ट्याशी येऊन मरते. कधीकधी पहाटे सगळं सामान लावून, माणसं जमवून, दहा वाजता गवताची काडी मोडते आणि सगळे घरी जातात. तेव्हा नाराज होणाऱ्या माणसाबरोबर मी पुन्हा काम करत नाही.

शेवटचं, रस्त्याबद्दल, कारण तुमचे यजमान रोज आय-४० महामार्गावरून जातात असं लिहिलंय. या दिवसांत धूर आणि धूळ एकत्र येतात. १४ मार्च २०२५ला, ओक्लाहोमा जळत होतं त्याच वादळात, कॅन्ससमध्ये गुडलंडजवळ आय-७० वर धुळीने समोरचं दिसेना. ७१ गाड्या एकमेकींवर आदळल्या, आठ जण गेले. धुराची किंवा धुळीची भिंत समोर दिसली तर आत शिरायचंच नाही, आधीच्या फाट्याला उतरायचं. नकळत आत सापडलात, तर रस्त्यावर उभं राहायचं नाही. डांबरापासून जमेल तितकं बाजूला जा, गाडी थांबवा, हँडब्रेक लावा, ब्रेकवरचा पाय काढा आणि सगळे दिवे बंद करा. दिवे चालू ठेवले तर मागून येणारा तुमच्या लाल दिव्याला पुढे चाललेली गाडी समजून सरळ तुमच्याच मागे येतो. धुळीसाठी हे पक्कं. धूर असेल तर मात्र उंच वाळक्या गवतात गाडी घालू नका. उघडी माती, खडी किंवा आधीच जळून गेलेली काळी जमीन शोधा, काचा वर करा आणि एसीची बाहेरची हवा बंद ठेवा.